मैत्रिणीचा वाढदिवस कोल्हापुरात: दोघींसाठी दोन दिवसांचा बेत, पायरी पायरीने

माझ्या मैत्रिणीने चाळिशी गाठली तेव्हा महिनाभर आधीच तिने बजावलं होतं, "अगं, मला हॉल नको, केक नको, पन्नास माणसांना पावभाजी वाढत फिरणं तर नकोच नको. आपण दोघी कुठेतरी जाऊया." आम्ही कोल्हापूरला गेलो. त्यानंतर आणखी दोनदा गेलो, एकदा तिच्या वाढदिवसाला, एकदा माझ्या. या तीन खेपांत जे जमलं आणि जे फसलं, ते सगळं इथे लिहिते आहे. मित्रांची जोडी असली तरी यातलं बहुतेक सगळं तसंच लागू पडेल.

कोल्हापूरच का? या शहराचा जुना भाग पायी फिरता येतो. देऊळ, राजवाडा, कुस्तीचं मैदान, चपलांची गल्ली, दूध कट्टा, सगळं पेठांमध्ये एकमेकांना लागून आहे. दोघींना बोलत बोलत चालता येतं आणि रिक्षा शोधण्यात दिवस जात नाही. वाढदिवसाच्या सहलीला माझ्या लेखी एकच कसोटी आहे: जिचा वाढदिवस, तिला तो दिवस आपला वाटला का? खालचा बेत त्याच कसोटीवर घासून घेतलेला आहे. म्हणून काही प्रसिद्ध ठिकाणं मी सरळ गाळली आहेत.

पायरी १: तारीख, वार आणि तिथी

दोन महिने आधी कॅलेंडर घेऊन बसा. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे त्याहून लवकर ठरवायची घाई नाही, पण त्याहून उशीरही नको. वाढदिवस मधल्या वारी येत असेल तर रजा टाकून तीच तारीख गाठा असं मी म्हणेन. "येत्या शनिवार-रविवारी करू" म्हटलं की पुढे ढकलणं सुरू होतं. रजा मिळतच नसेल तर तारखेच्या नंतरचा शनिवार-रविवार घ्या. आधीचा घेऊ नका, आपल्याकडे वाढदिवस आधी साजरा करणं घरच्या मोठ्यांना रुचत नाही.

मग वार बघा. मंगळवारी आणि शुक्रवारी अंबाबाईच्या देवळात गर्दी असते. वाढदिवस शुक्रवारी येत असेल तर खंत नको, त्या रात्री देवीची पालखी निघते आणि ती बघण्यासारखी असते. फक्त दर्शनाची वेळ पहाटेची ठेवा. नवरात्रात मुक्कामाला जाऊ नका. तो उत्सव मोठा आहे, पण दोघींच्या निवांतपणाला तो उपयोगाचा नाही. सोमवारी सरकारी संग्रहालयं बहुधा बंद असतात.

नोव्हेंबरात ९, १०, ११ या तारखा किंवा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी हे दिवस वाढदिवसाच्या आसपास येत असतील तर तुमचं नशीब थोर. तेव्हा किरणोत्सव असतो. देवीची मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरतात आणि पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर पोहोचतात. ढग असले किंवा वाटेत काही आडवं आलं तर पोहोचत नाहीतही. म्हणून हे पाहायला मिळेलच असं तिला आधी सांगू नका.

आणि तिथी. तांबडा-पांढरा रस्सा हा बेताचा कणा असेल तर त्या दिवशी एकादशी, संकष्टी नाही ना, श्रावण नाही ना, तिचा एखादा वार तर नाही ना, हे आत्ताच बघा. माझ्या मैत्रिणीचा गुरुवार असतो, आणि हे मला पहिल्या खेपेला गाडीत बसल्यावर आठवलं. मटण एक दिवस पुढे गेलं. तेवढ्यावर निभावलं.

पायरी २: तिला तीनच प्रश्न विचारा

सगळा बेत गुपचूप आखून तिला चकित करावं असं वाटतं. करू नका. चाळिशीच्या बाईला औषधं असतात, पाळी असते, घरी सासऱ्यांचा डबा असतो, मुलाची परीक्षा असते. चकित करायला एखादी छोटी गोष्ट राखून ठेवा. बाकी तिच्याशी बोलून ठरवा.

मी तीन प्रश्न विचारते. तुला काय बघायचंच आहे? काय खायचंच आहे? आणि काय अजिबात नको आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं, आणि ते द्यायला लोक लाजतात, म्हणून पुन्हा विचारा. माझ्या मैत्रिणीची उत्तरं अशी होती: खासबाग मैदान बघायचंय, कारण तिचे वडील कुस्तीचे शौकीन आणि लहानपणी ते जेवताना खासबागेच्या गोष्टी सांगायचे. पायाच्या मापाची कोल्हापुरी घ्यायची आहे. आणि रात्री बारा वाजता उठवून केक कापणं नको, दहाला झोपायचंय.

एवढ्यावर सहल उभी राहते. दोन दिवसांत तिच्या दोन गोष्टी, तुमची एक गोष्ट, आणि उरलेला वेळ मोकळा. पहिल्या खेपेला मी वाढदिवसाच्याच दिवशी जोतिबा आणि पन्हाळा दोन्ही घातले होते. पन्हाळा शहरापासून साधारण २० किलोमीटर, जोतिबाही फार लांब नाही, कागदावर सहज बसत होतं. दुपारी पन्हाळ्याच्या 'तीन दरवाजा'पाशी ती डोकं धरून बसली. सिद्दी जौहरचा वेढा, १६६० च्या जुलैमधली ती पावसाळी रात्र, बाजीप्रभू, हे सगळं जिथून सुरू झालं तिथे आम्ही पोहोचलो होतो आणि तिला फक्त सावली हवी होती. पन्हाळ्याला स्वतःचा एक दिवस द्यावा लागतो. २०२५ मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीतही गेला. तिसरा पूर्ण दिवस हाताशी असेल तरच तो धरा.

पायरी ३: पैशांचं आधी बोला

मैत्रीत हे बोलायला जड जातं, पण आधी बोललं की नंतर मन खट्टू होत नाही. आमची पद्धत सोपी आहे. निघताना दोघी सारखी रक्कम काढतो आणि एका वेगळ्या बटव्यात ठेवतो. रिक्षा, चहा, नाश्ता, तिकिटं, देवळातली ओटी, सगळं त्यातून. बटवा जिचा वाढदिवस नाही तिच्याकडे, म्हणजे वाढदिवसवालीला दोन दिवस हिशेब करावा लागत नाही. खोली आणि प्रवास निम्मा-निम्मा. वाढदिवसाचं एक जेवण मात्र सोबतच्या मैत्रिणीकडून, बटव्याबाहेरचं.

दोघींच्या मिळकतीत फरक असेल तर कमी मिळवणारीला झेपेल तोच बेत करा. जास्त मिळवणारीने "असू दे, मी भरते" म्हणून महागडी खोली घेतली की दुसरीला दोन दिवस ओशाळल्यासारखं होतं. कोल्हापूर या बाबतीत उदार आहे. इथला खरा आनंद स्वस्तातला आहे.

पायरी ४: जायचं कसं

मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री सुटते आणि सकाळी कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर आणून सोडते. रात्रीची झोप गाडीत, सकाळ हातात. पुण्याला हीच गाडी मध्यरात्र उलटल्यावर येते, आणि इथे नेहमी घोटाळा होतो: पुण्यातून बसणाऱ्यांनी तिकिटाची तारीख नीट बघावी. शुक्रवारच्या रात्री निघायचं म्हणजे पुण्यातून शनिवारची तारीख. दिवसाउजेडी जायचं तर कोयना एक्सप्रेस आहे. मिरजेवरून वळसा घालून जाते, वेळ खाते, पण गप्पा मारायला गाडीइतकी चांगली जागा नाही.

पुण्याहून रस्त्याने अंतर सुमारे २३० किलोमीटर. स्वारगेटहून एसटी मिळते, आणि मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. दोघींचं मिळून एका तिकिटाचे पैसे लागतात, ही छान गोष्ट आहे. सातारा ते कोल्हापूर पट्ट्यात महामार्गाची कामं चालू असतात, म्हणून पोहोचायच्या वेळेवर काही टेकवून ठेवू नका. स्वतःच्या गाडीने जात असाल तर एकटीच चालवणार असं करू नका. वाढदिवसवालीकडे स्टिअरिंग देऊच नका.

पायरी ५: खोली

दोन पर्याय आहेत. स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, शाहूपुरीच्या बाजूला, हॉटेलं भरपूर आहेत आणि रात्री-अपरात्री उतरायला ते सोयीचं पडतं. दुसरा पर्याय महाद्वार रोड, भवानी मंडप, मिरजकर तिकटी या भागातला. खोल्या जुन्या, रस्ते अरुंद, गाडी लावायला जागा नाही, पण पहाटे उठून पाच-दहा मिनिटांत चालत देवळात. वाढदिवसाला मी दुसराच घेते.

फोनवर चार गोष्टी विचारा: दोन वेगळे पलंग आहेत का, गरम पाणी किती वाजता येतं (पहाटे लागणार आहे), खोलीत निरांजन लावलं तर चालेल का, आणि सकाळी लवकर पोहोचलो तर सामान ठेवता येईल का. आधारकार्ड दोघींचीही लागतात.

निघायच्या दोन दिवस आधी पुन्हा फोन करून नाव नोंदलेलं आहे याची खात्री करा. आमच्या दुसऱ्या खेपेला लग्नसराई होती. आम्ही पोहोचलो तर आमची खोली एका वऱ्हाडाला देऊन झालेली. आगाऊ पैसे भरले नव्हते, त्यामुळे भांडायलाही तोंड नव्हतं. सामान घेऊन तासभर फिरलो तेव्हा कुठे दुसरी खोली मिळाली. तेव्हापासून थोडे पैसे आगाऊ भरते आणि पावतीचा फोटो जपून ठेवते.

पायरी ६: औक्षणाचा डबा

ही मी राखून ठेवलेली छोटी गोष्ट. चाळिशीतल्या बाईला शेवटचं कोणी कधी ओवाळलेलं असतं? नवऱ्याला ती ओवाळते, मुलांना ओवाळते, भाऊबीजेला भावाला ओवाळते. तिला ओवाळणारी आई असेल तर असते, नसेल तर राहून जातं. म्हणून मी घरून डबा नेते.

स्टीलचा एक गोल चपटा डबा घ्या. त्याचं झाकण उलटं केलं की तेच तबक होतं. आत पितळेचं लहान निरांजन, आणि प्लास्टिकच्या छोट्या डबीत तुपात भिजवून थिजवलेल्या दोन फुलवाती. तूप पातळ नेलं तर सगळं बरबटतं, म्हणून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी घ्यायच्या. कुंकवाची डबी, कागदाच्या पुडीत अक्षता, एक सुपारी. सोन्यासाठी बोटातली अंगठी चालते. काडेपेटी, आणि साखरेची पुडी, कारण ऐन वेळी पेढे आणायला कोणी जात नाही. डब्यात सगळं खुळखुळू नये म्हणून मधे खणाचा तुकडा कोंबते. तो नंतर ओटीत जातो.

गाडीत निरांजन अजिबात लावायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. खोलीत पंखा बंद, पडदे बाजूला, आणि छतावर धुराचं यंत्र असेल तर खिडकीपाशी. पाटाऐवजी खुर्ची, तिचं तोंड पूर्वेला. कुंकू, अक्षता, मग अंगठी आणि सुपारी कपाळाजवळून ओवाळायची, मग निरांजन. तीन मिनिटांचं काम. माझी मैत्रीण पहिल्यांदा हसत बसली होती आणि निरांजन तिसऱ्यांदा फिरलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. आम्ही त्यावर काही बोललो नाही. तिने साखर माझ्याही हातावर ठेवली.

पायरी ७: पहिला दिवस, म्हणजे वाढदिवसाचा आदला

सकाळी पोहोचलात की आंघोळ करून थेट मिसळ. मिसळीची दुकानं सकाळची, दुपार झाली की संपतं. इथली मिसळ पावाऐवजी स्लाइस ब्रेडबरोबर येते, आणि वर जो लालभडक कट येतो तो दिसतो तेवढा जाळत नाही. कोणती मिसळ चांगली यावर कोल्हापुरात तुंबळ वाद होतात. फडतरे, बावडा, चोरगे, खासबाग, ज्याचा त्याचा पक्ष ठरलेला. खोलीपासून जवळची निवडा. रांगेत तास घालवावा असं मला वाटत नाही.

मग न्यू पॅलेस. १८७७ ते १८८४ या काळात मेजर चार्ल्स मँट या वास्तुविशारदाच्या आराखड्यावर बांधलेला हा काळ्या घडीव दगडाचा वाडा. तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय आहे: शस्त्रं, पोशाख, शिकारीत मारलेली जनावरं, आणि दरबार हॉल. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. तिथे सावकाश थांबा, ऊन काचेतून येत असताना ते प्रसंग उजळतात. आत फोटो काढू देत नाहीत, आणि वाढदिवसाच्या सहलीत ते बरंच आहे.

इतिहासाची आवड असेल तर टाउन हॉलमधलं संग्रहालयही बघा. सीपीआर रुग्णालयासमोरच्या बागेत ते आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खननात सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, ब्राँझची मूर्ती तिथे आहे. वितीपेक्षा लहान. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापारचा माल घाट चढून या गावापर्यंत येत होता, याचा तो हातात मावेल एवढा पुरावा. माझी ही लाडकी जागा. तिची नसेल तर आग्रह करू नका.

दुपारी झोपा. खरंच झोपा. संध्याकाळी रंकाळा. तलावाच्या कट्ट्यावरून शालिनी पॅलेसच्या दिशेने चालत जायचं, अंधार पडला की परत फिरायचं, भेळ खायची आणि दहाला पाठ टेकायची. इथे लोकांचं बोलणं कान देऊन ऐका. मुलीही "मी आलो, मी गेलो" म्हणतात, आणि पत्ता विचारला की अर्ध्या रस्त्यापर्यंत सोबत येतात.

पायरी ८: वाढदिवस

रात्री बाराला फोन वाजू नये म्हणून तिच्या घरी आधीच सांगून ठेवा, सकाळी आठनंतर करा म्हणून. हे काम सोबतच्या मैत्रिणीचं. वाढदिवसवालीने स्वतः सांगितलं तर घरच्यांना तुटक वाटतं.

पहाटे उठून, आंघोळ करून देवळात. साडी नेसायची असेल तर सुती नेसा, दगड रात्रीचे गार असतात पण गाभाऱ्याच्या रांगेत उकडतं. ओटीचं सामान देवळाबाहेर मिळतं. रांग मोठी असेल तर मुखदर्शनाची वेगळी रांग असते, लांबून पण लवकर. पहाटे शक्यतो तिची गरज पडत नाही. दर्शनानंतर लगेच बाहेर पडू नका. देवळाला एक पूर्ण प्रदक्षिणा घालून बाहेरच्या भिंतींवरच्या कोरीव मूर्ती बघा, मग आवारात कुठेतरी बसा. आम्ही तिथे अर्धा तास गप्प बसलो होतो. एरवी आम्हा दोघींना असं बसलेलं कोणी पाहिलेलं नाही.

तिथून गंगावेश. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळलेला पेला हातात देतात. तालमीतल्या पैलवानांसाठी सुरू झालेली ही रीत आजही चालू आहे. दूध अंगाच्या उबेइतकंच कोमट असतं, ओठांवर फेसाची मिशी येते. मात्र हे न तापवलेलं दूध आहे. पोट नाजूक असेल, दिवस असतील किंवा नुकत्याच आजारातून उठलेल्या असाल तर पिऊ नका, बघण्यातही मजा आहे. पहिल्यांदा पिणाऱ्यांनी एकच पेला दोघींत घ्यावा.

मग खोलीवर येऊन औक्षण, तिचे फोन, आणि पातळ काहीतरी नाश्ता. पुढे मटण आहे. फोनसाठी तिला एक तास एकटं सोडा, आणि त्यानंतर फोन पिशवीत. हे आदल्या दिवशीच ठरवून घ्या.

अकराच्या सुमारास खासबाग. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते, तिथे रोमचं कोलोसियम बघून आपल्या पैलवानांसाठी असं मैदान असावं हे त्यांच्या मनात आलं. १९१२ मध्ये ते तयार झालं. मधे मातीचा हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बसायची जागा, म्हणजे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी. इथे रोज कुस्त्या होत नाहीत. रिकामं मैदान बघायला मिळतं, फाटक बंद असेल तर शेजारी विचारा. माझी मैत्रीण वरच्या पायरीवर जाऊन बसली आणि तिथूनच वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी तिला हौद्याच्या कोणत्या अंगाला पूर्वी ते बसायचे ते सांगितलं, ती तिथे जाऊन उभी राहिली. फोन पिशवीत ठेवायचा नियम त्या वेळी मोडला आणि बरं झालं.

शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह आहे, शाहू महाराजांनीच १९१५ मध्ये उभं केलेलं, तेव्हाचं पॅलेस थिएटर. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आग लागून त्याचं मोठं नुकसान झालं. पैलवानांची तालीम बघायची असेल तर दाराशी थांबून वस्तादांना विचारा. हो म्हणाले तर चपला बाहेर काढून कडेला उभं राहायचं. हौद्यात पाय घालायचा नाही. ती तांबडी माती ताक, तेल, लिंबू, हळद घालून मुरवलेली असते आणि पैलवान तिला देवासारखी मानतात.

दुपारी जेवण. कोल्हापुरी थाळीत दोन वाट्या शेजारी येतात. दोन्हींचं मूळ एकच, मटण शिजवलेलं अळणी पाणी. नारळाचं दूध, काजू, खसखस घातली की पांढरा, आणि मिरची, तीळ, खोबरं, कांदा-लसूण मसाला घातला की तांबडा. आधी पांढरा वाटीला तोंड लावून प्यायचा, मग तांबडा, मग सुक्कं आणि भाकरी. रस्सा पुन्हा पुन्हा वाढतात, संकोच करू नका. एक वाजायच्या आत पोहोचा, सुट्टीच्या दिवशी नंतर टेबल मिळत नाही. मैत्रीण शाकाहारी असेल तर तिच्यासमोर तांबडा-पांढरा ओढू नका. मिसळ, लोणी डोसा, पिठलं-भाकरी आणि खर्डा यांवरही कोल्हापूर मनसोक्त खाता येतं, आणि वाढदिवस तिचा आहे.

पुन्हा झोप. संध्याकाळी पंचगंगा घाट. पावसाळ्यात पाणी चढलेलं असेल तर घाटावर उतरू नका, पायऱ्या शेवाळतात. एरवी दिवेलागणीला इथे बसून, पुढच्या वर्षात तिला काय करायचंय ते विचारा. सल्ला देऊ नका, ऐका फक्त. रात्री थंड काहीतरी: सोळंकीचं कॉकटेल आइस्क्रीम, दोन चमच्यांसकट एक ग्लास. तोच केक.

पायरी ९: चपला, मापाच्या

हे निघायच्या दिवशी सकाळी करू नका. दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, म्हणजे संध्याकाळी घाटावर जायच्या आधी, चप्पल लाइनला जा. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. तरी प्रत्येक दुकानात टांगलेली प्रत्येक जोडी अस्सल नसते.

हातात घेऊन बघा. वास चामड्याचा आला पाहिजे, रसायनाचा किंवा रबराचा नको. तळ चामड्याच्याच थरांचा, कडेची शिवण चामड्याच्या वादीची. खिळे दिसले तर ठेवून द्या. तळ वाकवला की तो सावकाश मूळ जागी यावा. मग घालून दुकानात दहा पावलं चाला. अंगठा घट्ट बसला पाहिजे, टाच मागे लोंबता कामा नये, आणि दोन्ही बाजूचे कान, म्हणजे बाजूच्या चामड्याच्या पाकळ्या, पायाला चावता कामा नयेत. किंचित घट्टच घ्या. चामडं आठवड्याभरात सैल होतं, सैल घेतलेली मात्र फटक फटक करत राहते. पट्टा जास्तच आवळत असेल तर कारागिराला सांगा. आमच्या कारागिराने माझ्या मैत्रिणीचा पाय मांडीवर घेतला, पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं, "थांबा की ताई, जरा ढिला करतो" म्हणाला, वादी सोडली, ओली करून ओढली आणि पुन्हा ओवली. दहा मिनिटं गेली. त्या चपला अजून चालू आहेत.

भाव करताना कारागिराच्या मेहनतीकडे बघा. थोडं इकडे-तिकडे करायला हरकत नाही, अर्ध्यावर आणू नका. भेट म्हणून ही जोडी सोबतच्या मैत्रिणीने द्यावी असं मी सुचवेन.

पायरी १०: निघायचा दिवस

सकाळ खरेदीची, दोन तास पुरे. गुजरीत, म्हणजे सराफांच्या गल्लीत, कोल्हापुरी साज बघायला जा, दशावतार कोरलेल्या पानड्या जवळून बघण्यासारख्या असतात, सोन्याचा झेपत नसेल तर बेंटेक्सचाही मिळतो. थंडीत गेलात तर गूळ आणि काकवी घ्या. काकवीची बाटली दोन पिशव्यांत गुंडाळा, ती हमखास पाझरते. कांदा-लसूण मसाला औक्षणाच्या रिकाम्या डब्यात मावतो, पण आधी निरांजन कागदात गुंडाळून बाजूला काढा, नाहीतर पुढच्या वाढदिवसाला त्याला लसणाचा वास येईल.

चपला नव्या असताना त्याच घालून परतीचा प्रवास करू नका, टाच सोलते. पहिले चार दिवस घरात तासभर घाला, अंगठ्याच्या आणि कानांच्या आतल्या बाजूला रात्री खोबरेल तेलाचं बोट फिरवा. पावसात वापरू नका. भिजल्याच तर सावलीत वाळवा, उन्हात नको. आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी येते. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवल्या की वर्षानुवर्षं टिकतात.